इंजिन पळतंय, होडी सरकत नाही: छोट्या आउटबोर्डचा पंखा स्लिप मारतो तेव्हा

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. ‘पंखा स्लिप मारतोय’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगळे बिघाड येतात. मालवण-देवबागच्या पट्ट्यात दुरुस्तीला येणाऱ्या 5 ते 25 अश्वशक्तीच्या इंजिनांत मी हे सगळे पुन्हा पुन्हा पाहतो. मालक येतो तोच गिअरबॉक्स गेला असं ठरवून. बहुतेक वेळा गिअरबॉक्सला काहीही झालेलं नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

इंजिन एकदम किंचाळतं, होडीचा वेग पडतो, आणि थ्रॉटल कमी केला की पंखा लगेच पाणी धरतो. हे वळताना होतं, लाटेच्या माथ्यावरून खाली येताना होतं, नाहीतर माणसं जागा बदलतात तेव्हा होतं. इथे पंख्याकडे हवा जाते आहे.

सावकाश चालताना सगळं ठीक, पण थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज चढत जातो आणि होडी आहे त्याच वेगात राहते. खडखड नाही, झटका नाही. कधी जळक्या रबराचा वास. हा पंख्याच्या आतला रबरी बुश, म्हणजे गाभा आणि पाती यांना जोडणारं रबर, सुटला. आज तीन चतुर्थांश थ्रॉटलला सुटतो, पुढच्या आठवड्यात अर्ध्यावर, मग त्याहून खाली. असा हळूहळू वाढत जाणारा बिघाड दिसला की संशय आधी बुशवर घ्या.

गिअर टाकला, इंजिन चालू आहे, आणि पंखा फिरतच नाही. लहान इंजिन असेल तर शिअर पिन, म्हणजे पंखा शाफ्टला अडकवणारी मऊ पिन, तुटली.

कटकट किंवा खडखड असा लोखंडी आवाज, पायाखाली झटके, गिअर आपोआप निसटतो. बहुतेकदा पुढच्या गिअरलाच होतं आणि रिव्हर्स ठीक चालतो. ही गोष्ट गिअरच्या आतली आहे. रबरी बुश सुटला असेल तर तो दोन्ही दिशांना सुटतो, त्यामुळे एकाच दिशेला त्रास आहे की दोन्हीकडे, हे जरूर बघून ठेवा.

आणि एक लक्षण या यादीत चुकून येतं: इंजिनाचा आवाज चढतच नाही, होडी ओढल्यासारखी चालते. हे स्लिप नाही. स्लिपमध्ये इंजिन जास्त पळतं, इथे कमी पळतंय. प्लग, कार्ब्युरेटर, पेट्रोलमधलं पाणी इकडे बघा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल त्या पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी उतरतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली तर असं व्हायला वेळ लागत नाही.

थोडी स्लिप सगळ्याच पंख्यांना असते आणि असायलाच हवी. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते. पाणी मागे सरकलंच नाही तर जोर येणार कुठून? हलकी, पाण्यावर उठून पळणारी फायबरची होडी असेल तर 10 ते 20 टक्के स्लिप सर्वसाधारण. जड, पाणी कापत जाणारी होडी असेल तर 30 टक्क्यांच्या पुढेही जाते आणि त्यात बिघाड काही नसतो. तेव्हा शेजाऱ्याच्या होडीशी तुलना करू नका. तुमची होडी गेल्या महिन्यात कशी चालत होती, त्याच्याशी करा.

हात लावण्याआधी

इंजिन बंद करा, किल स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) दोरी काढा आणि प्लगच्या टोप्या उपसून बाजूला ठेवा. नुकत्याच बंद केलेल्या गरम इंजिनाचा पंखा गिअरमध्ये असताना हाताने फिरवला तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं, आणि एक ठोका बोटांना पुरेसा आहे. टोपी काढायला दहा सेकंद लागत नाहीत. हे न करता पंख्याला हात लावणारी अनुभवी माणसंच मला जास्त दिसतात, नवखी नाहीत.

दुसरं, जमिनीवर स्टँडला लावलेलं इंजिन ‘जरा बघूया’ म्हणून कोरडं चालू करू नका. पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर पाण्यावरच सरकतं. कोरडं चाललं की काही सेकंदांत त्याची पाती खराब होऊ लागतात, आणि मग स्लिप शोधता शोधता इंजिन तापायचा नवा बिघाड घरी येतो. पिंपात पाणी भरून चालवा, तेही न्यूट्रलमध्ये.

पहिलं: माणसं आणि वजन हलवून बघा

खर्च शून्य, पाना लागत नाही. होडीतलं साचलेलं पाणी उपसा. मग थ्रॉटल त्याच जागी ठेवून सामान किंवा माणसं मागेपुढे करा.

डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांत हा प्रकार नेहमीचा. डॉल्फिन दिसला की सगळे उठून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, धावतात, होडीचं तोंड खाली जातं, इंजिन बसवलेली मागची फळी उचलली जाते आणि पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. इंजिन किंचाळतं. तांडेल (होडी चालवणारा) म्हणतो इंजिनाला काहीतरी झालं. माणसं जागेवर बसवली की इंजिन पूर्ववत. सगळे एका बाजूला झुकले तरी तेच, विशेषतः वळण घेताना. माणसं बसल्यावर त्रास जात असेल तर इथेच थांबा, पुढचं काही उघडू नका.

मागे खूप वजन असलं तर उलटं होतं: तोंड वर, होडी पाण्यावर उठतच नाही, इंजिन ओझ्याने ढकलत राहतं आणि स्लिपचा आकडा वाढतो. पेट्रोलचा कॅन, नांगर, बर्फाची पेटी सगळं इंजिनाजवळच ठेवायची सवय असते. निम्मं पुढे सरकवा.

दुसरं: पंख्याभोवती आणि तळाला काय अडकलंय

इंजिन वर उचला आणि पंख्याच्या पुढून, मागून, दोन्हीकडून बघा. प्लास्टिकची पिशवी, सुतळी, जाळ्याचा तुकडा. पिशवी एका पात्याला गुंडाळली तरी त्या पात्याचा आकार बिघडतो आणि पाणी मागे जाण्याऐवजी घुसळलं जातं. हे सगळं वरून दिसतं, काढायला मिनिट लागतं.

तंगूस मात्र दिसत नाही. नायलॉनचा पारदर्शक धागा पंखा आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या फटीत शिरतो, शाफ्टवर घट्ट गुंडाळला जातो आणि हळूहळू तिथलं ऑइल सील कापतो. त्याने स्लिप होईलच असं नाही, पण सील कापलं की समुद्राचं पाणी गिअरच्या तेलात जातं. रापण किंवा न्है या मासेमारीच्या जाळ्यांच्या आसपास होडी फिरत असेल तर फटीत टॉर्च मारून बघायची सवय लावा. धाग्याचं टोक दिसलं तर ओढून तोडू नका. आतला भाग आतच राहतो. पंखा काढूनच तो सोडवा.

होडी कायम खाडीत पाण्यातच उभी असते का? मग तळ आणि पंखा दोन्हींवर शेवाळ आणि कडक कवचाचे बार्नॅकल बसलेले असणार. पंख्याच्या पात्यावर मुगाएवढे चार-पाच दाणे असले तरी पाण्याचा प्रवाह तुटतो. तळ खरखरीत झाला तर होडी जड चालते, त्याच आवाजाला वेग कमी मिळतो, आणि मालकाला वाटतं पंखा घसरतोय. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी खुरप्याने खरवडलं तर रंग निघून ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि खारं पाणी ते खातं. इंजिनाला लावलेला झिंकचा तुकडा साफ करा, पण त्याला रंग लावू नका. तो झिजण्यासाठीच लावलेला असतो.

तिसरं: इंजिनाची उंची आणि कल

हवा ओढण्याच्या तक्रारींत मला सर्वांत जास्त सापडणारं कारण हेच. पंख्याच्या वर आडवी पसरट प्लेट असते, मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देणं. होडी वाळूत सरळ उभी करा, तळाला एक सरळ पट्टी लावून मागे लांबवा आणि प्लेट त्या पट्टीच्या तुलनेत कुठे येते ते बघा. तळाच्या रेषेत किंवा त्याहून इंचभर खाली आली पाहिजे. वर असेल तर लाट आली की पंखा हवा घेणारच. फार खाली असेल तर स्लिप होत नाही, पण ओढ वाढते आणि पाणी उडतं.

सेकंडहँड इंजिन घेतलंत? मग शाफ्टची लांबी मोजा. शॉर्ट शाफ्टचं इंजिन साधारण 15 इंच उंचीच्या फळीसाठी असतं, लाँग शाफ्टचं 20 इंचांच्या. फळीवर बसणाऱ्या कंसापासून प्लेटपर्यंत मोजलं की कळतं. 20 इंची फळीवर शॉर्ट शाफ्ट लावलेलं इंजिन शांत खाडीत बऱ्यापैकी चालतं आणि समुद्रात गेलं की रडतं. गिऱ्हाईक सांगतं, ‘खाडीत बरं असतं हो, बाहेर गेल्यावरच स्लिप मारतं.’ असं कोणी म्हटलं की मी आधी टेप घेतो. उलट, लाँग शाफ्ट बुटक्या फळीवर असेल तर खाली लाकडाची पट्टी घालून इंजिन उचलता येतं. शॉर्ट शाफ्टसाठी फळी कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फळी कमी केली की मागून लाट आत येते.

मग कल. कंसाला चार-पाच भोकं असतात आणि त्यात एक आडवी पिन. पिन बाहेरच्या भोकात असेल तर पंखा पाणी वरच्या दिशेने ढकलतो, होडीचं तोंड वर जातं आणि हवा ओढायची शक्यता वाढते. एक भोक आत घेऊन बघा. होडी वेगात असताना प्लेट पाण्याला समांतर असावी, एवढा हिशेब पुरे.

पंख्याच्या बरोबर पुढे तळाला काही लावलंय का हेही बघून घ्या. मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर किंवा दुरुस्तीत लावलेली जाड पट्टी. त्याच्या मागे पाण्यात बुडबुड्यांचा पट्टा तयार होतो आणि तो थेट पंख्यात जातो. सेन्सर एका बाजूला सरकवला की त्रास संपतो.

रिव्हर्समध्ये थोडा फेस आणि कमी जोर हे चालायचंच. ज्या इंजिनांचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतून बाहेर पडतो, तिथे रिव्हर्सला तोच धूर पात्यांवर येतो. पुढे जातानाही धूर पात्यांवर येऊ लागला, तर पंख्याच्या मागच्या तोंडाची फाकलेली कड तुटली आहे का बघा. ती कड धुराला पात्यांपासून दूर ठेवते.

चौथं: रंगाची रेघ

बुश सुटला आहे का, हे हाताने पंखा फिरवून कळत नाही. हाताचा जोर कमी पडतो, आणि जोर कमी असताना खराब बुशही पकडून ठेवतो. म्हणून लोक ‘हाताने फिरवून पाहिला, घट्ट आहे’ म्हणतात आणि गिअरबॉक्स उघडायला बसतात.

करायचं असं. पंख्याच्या मधोमध मागून बघितलं तर शाफ्ट ज्यात बसतो तो धातूचा आतला गाभा दिसतो, त्याभोवती रबर, आणि त्याबाहेर पात्यांचा भाग. नट आणि वॉशरमुळे दिसत नसेल तर पंखा काढून रेघ मारा आणि परत बसवा. पुसून कोरडं करा. गाभ्यापासून रबरावरून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ऑइलपेंटने ओढा. नेलपॉलिशही चालतं, आणि ते लवकर सुकतं. मग होडी पाण्यात नेऊन ज्या थ्रॉटलला त्रास होतो त्याच थ्रॉटलला काही मिनिटं चालवा. जेटीला बांधून गिअर टाकला तरी जोर येतो, पण उथळ जागी करू नका, वाळू उडून पाण्याच्या पंपात जाते.

परत येऊन रेघ बघा. आतली आणि बाहेरची रेघ एकमेकींपासून सरकली असेल तर बुश सुटला. संपलं. गिअरबॉक्स निर्दोष. रेघ जागेवर असेल तर बुश निर्दोष, पुढे चला.

हा बुश ठेवलेला कशासाठी असतो ते माहीत असलं तर पुढचा मोह टळतो. पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर आपटला तर धक्का रबर खातं आणि गिअरचे दात वाचतात. गिअर टाकतानाचा रोजचा झटकाही तेच खातं. बुश सुटला म्हणून बाहेरून आतपर्यंत भोक पाडून बोल्ट ठोकणारे लोक आहेत. होडी चालते, नाकारत नाही. पण पुढच्या वेळी वाळूच्या बांधावर पंखा टेकला की धक्का थेट गिअरवर जातो आणि एका पंख्याच्या ठिकाणी सगळा खालचा भाग बदलावा लागतो.

नवीन बुश दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य मापाची नळी लागते. हातोडीने होत नाही. छोट्या ॲल्युमिनियमच्या पंख्याला पाती आधीच झिजलेली असतील तर बुशच्या नादी न लागता पंखाच नवा घ्यावा, हे माझं मत. काही पंख्यांत मधला भाग वेगळा काढून बदलता येतो, मर्क्युरी कंपनीच्या फ्लो-टॉर्कसारखा. तुमचा पंखा तसा असेल तर काम घरी होतं.

पाचवं: पंखा काढणं, शिअर पिन, शाफ्ट

इंजिन वर उचला, खाली फडकं किंवा टोपली धरा. पाण्यावर हे काम करत असाल तर वॉशर पाण्यात पडणारच असं गृहीत धरा. नटातून जाणारी कॉटर पिन सरळ करून काढा. पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरच्या प्लेटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. नट सोडा. काय कोणत्या क्रमाने निघालं त्याचा मोबाइलवर फोटो काढा: नट, वॉशर, स्पेसर, पंखा, आणि सगळ्यात आत जाड थ्रस्ट वॉशर. हा आतला वॉशर पंख्याचा सगळा रेटा झेलतो. त्याची उतरती बाजू कुठल्या दिशेला होती ते फोटोत नीट दिसू द्या. तो विसरला तर पंखा आत सरकून गिअरबॉक्सच्या कडेवर घासतो.

पंखा निघत नाही? पावसाळ्यात होडी शाकारताना शाफ्टला ग्रीस न लावता इंजिन ठेवलं असेल तर मीठ आणि गंज मिळून पंखा चिकटतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, लाकडी ठोकळ्याने मधल्या भागावर हलके ठोके द्या. पात्यांवर हातोडी नको. ब्लो लॅम्पने तापवणं तर नकोच, रबर आणि सील दोन्ही जातात. तरीही निघाला नाही तर वर्कशॉपमध्ये पुलर असतो, तिकडे न्या.

साधारण 6 अश्वशक्तीच्या खालच्या बऱ्याच इंजिनांत बुशऐवजी शिअर पिन असते, काहींत दोन्ही. पंख्यातून आणि शाफ्टमधून आडवी जाणारी ही पिन मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. तुटणं हेच तिचं काम. तुटलेले तुकडे भोकातून काढा, शाफ्टचं भोक लंबगोल झालं नाही ना बघा, नवी पिन घाला. खिळा, सायकलची तार, स्टीलचा बोल्ट यांतलं काहीही घालू नका. कडक पिन तुटत नाही, मग शाफ्ट किंवा गिअर तुटतो. पिन वारंवार तुटत असेल तर पिनेला दोष देण्याआधी पंखा वाळूला लागतोय का, आणि गिअर टाकताना इंजिनाचा आवाज चढलेला असतो का, ते बघा.

ज्यात शाफ्टवर खाचा असतात, तिथे त्या खाचा आणि पंख्याच्या गाभ्यातल्या खाचा गोल झाल्यात का बघा. मग समुद्री पाण्यात टिकणारं ग्रीस शाफ्टभर लावून पंखा बसवा. कॉटर पिन दर वेळी नवी, स्टेनलेस स्टीलची. जुनी परत वाकवली की एक दिवस तुटते, नट सुटतो आणि पंखा कर्ली नदीच्या तळाशी जातो.

सहावं: पाती

पंखा हातात आहे तोवर पाती तपासा. सपाट टेबलावर पंखा ठेवून प्रत्येक पात्याच्या टोकाची टेबलापासूनची उंची मोजा. तिन्ही सारखी हवीत. एखादं वाकलं असेल तर थरथर येते आणि ते पातं नीट ढकलत नाही.

पुढच्या कडेला खाचा पडल्या असतील तर तिथे पाण्याचा दाब इतका खाली जातो की पाणी थंड असतानाच त्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. हे कॅव्हिटेशन. हवा ओढण्याशी लोक याची नेहमी गल्लत करतात. हवा वरून येते, हे बुडबुडे पाण्यातच जन्मतात. ते फुटताना पात्याचा धातू खरवडला जातो, त्यामुळे खाचेच्या मागे खडबडीत, भाजल्यासारखा डाग दिसतो. डाग दिसला म्हणजे निदान झालं. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने 1894 मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ बांधली, तेव्हा एका पंख्यावर ती वेगच घेईना, कारण पंखा नुसते असे बुडबुडे घुसळत होता. शेवटी तीन शाफ्टवर तीन-तीन, असे नऊ पंखे लावले आणि बोट 34 नॉट्सच्या वर गेली. आपलं काम नऊ पंख्यांविना भागतं. बारीक खाचा कानशीने घासून कड गुळगुळीत करा. तिन्ही पाती सारखी राहतील एवढंच घासा, चाकूसारखी धार लावू नका. खाच बोटाच्या पेरापेक्षा खोल, पात्याच्या बुडाला तडा, किंवा वाकलेलं पातं असेल तर थांबा. ॲल्युमिनियम थंड असताना हातोडीने सरळ केलं की तडा जातो आणि पातं वेगात असताना उडतं.

सातवं: आकडा काढा

वरचं सगळं ठीक आणि तरी शंका असेल, किंवा नवा पंखा लावल्यापासून त्रास असेल, तर हिशेब करा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: व्यास आणि पिच, इंचांत. पिच म्हणजे पंखा न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल तेवढं अंतर. गिअरचं गुणोत्तर इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतं. यामाहाच्या 15 अश्वशक्तीच्या इंजिनात ते 27:13, म्हणजे 2.08.

इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले पिच, भागिले गुणोत्तर, भागिले 656. उत्तर तासाला किलोमीटरमध्ये येतं. 5,000 फेरे आणि 9 इंच पिच असेल तर 33. मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्यक्ष वेग 27 दिसला तर स्लिप, म्हणजे हिशेबातल्या वेगापेक्षा पडलेली तूट, 18 टक्के, तक्रारीला जागा नाही. 20 दिसला तर जवळपास 40 टक्के, आणि हलक्या होडीला ते फार झालं.

जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग सांगतो, पाण्याच्या नाही. देवबागच्या संगमावर ओहोटी लागली असताना एका दिशेचा आकडा घेऊन काहीच कळणार नाही. त्याच पट्ट्यात जाताना आणि येताना दोन्ही वेग घेऊन सरासरी काढा. फेरे मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. तो टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हे नीट लावा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवेल.

पूर्ण थ्रॉटलला फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या वर जात असतील आणि बुश, हवा, पाती सगळं निर्दोष असेल, तर पंख्याचं पिच होडीला कमी पडतंय. पिच एक इंच वाढवलं की फेरे साधारण 150 ते 200 ने उतरतात.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

गिअरची केबल सैल आहे का हे तुम्ही बघू शकता: इंजिन बंद ठेवून पुढचा गिअर टाका, कोणाला तरी पंखा हळू हळू फिरवायला सांगा म्हणजे गिअर पूर्ण बसेल, आणि दांडा शेवटपर्यंत जातोय का बघा. अर्धवट बसलेला गिअर आतल्या क्लचच्या कडा गोल करतो. केबल नीट करूनही गिअर निसटत असेल तर कडा गेल्या आहेत. ते काम घरचं नाही. आतल्या गिअरमधलं अंतर पातळ चकत्या घालून मोजमापाने जुळवावं लागतं. अंदाजाने जोडलेला गिअरबॉक्स महिनाभर चालतो आणि मग सगळाच जातो.

गिअरचं तेल मात्र तुम्हीच तपासा. खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा, आणि तेल भांड्यात घ्या. दुधासारखं पांढरट आलं तर पाणी शिरलंय. चुंबकाच्या स्क्रूवर राखाडी लेप असेल तर ठीक, टोकदार तुकडे असतील तर ते गिअरचे दात आहेत. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर इंजिन पुन्हा चालू न करता न्या. न्यूट्रलमध्ये पंखा फिरवताना शाफ्टचं टोक डगमगत असेल, शाफ्ट वाकलाय, तेव्हाही तेच. तेल चांगलं असेल तर नवं तेल खालच्या भोकातून भरत वर येऊ द्या, आधी वरचा स्क्रू लावा मग खालचा, वॉशर नवे.

समुद्रात असताना बुश सुटला तर थ्रॉटल कमी करा. कमी जोरावर बहुतेक बुश पकडतो आणि चालण्याच्या वेगाने का होईना किनारा गाठता येतो. पुन्हा पुन्हा जोर लावून बघितलं की रबर तापून उरलीसुरली पकडही जाते. ओहोटीचा ओढ होडीला बाहेर नेत असेल आणि इंजिन त्याला पुरत नसेल, तर खटपट थांबवून आधी नांगर टाका, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा, मग 1554 वर तटरक्षक दलाला फोन करा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16. होडीच्या मागच्या भागात वाकून लाटांत पंखा काढायला बसू नका.

मेकॅनिककडे जाताना ‘स्लिप मारतोय’ एवढंच सांगू नका. किती थ्रॉटलला होतं, दोन्ही गिअरला होतं का, रेघ सरकली का, तेलाचा रंग काय, हे सांगा. नवा पंखा घ्यायचा असेल तर जुना बरोबर न्या. व्यास आणि पिच जुळलं तरी शाफ्टच्या खाचांची संख्या जुळली नाही तर तो बसत नाही. गाभ्याचं रबर दाबून बघा, भेगा पडलेला जुना साठा दुकानात असतोच.